लॅपटॉपवरचा '५' आणि '७': प्रोसेसरच्या नावांचा गुंता

गारगोटी

रायझन ५ ७५२०यू, रायझन ५ ७५३०यू, रायझन ५ ७५३५यू, रायझन ५ ७५४०यू. एएमडी कंपनीचे लॅपटॉपचे चार प्रोसेसर. दुकानात हे चारही 'रायझन ५, ७००० मालिका' म्हणून शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि ऑनलाइन यादीत तर पुष्कळदा तेवढंच लिहिलेलं असतं. आत मात्र चार निरनिराळ्या चिप आहेत.

७५२०यू मध्ये ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). आर्किटेक्चर (कोअरची आतली रचना) झेन २, म्हणजे मूळचं २०१९ चं. एल३ कॅश (चिपमधलीच जलद मेमरी) फक्त ४ एमबी.
७५३०यू मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड, झेन ३, एल३ १६ एमबी. ग्राफिक्स मात्र जुनं वेगा. मेमरी डीडीआर४.
७५३५यू मध्येही ६ कोअर, पण झेन ३+, रेडिऑन ६६०एम ग्राफिक्स आणि डीडीआर५.
७५४०यू मध्ये ६ कोअर, झेन ४, रेडिऑन ७४०एम.

हे योगायोगाने झालेलं नाही. एएमडीने सप्टेंबर २०२२ मध्ये लॅपटॉप चिपच्या नावांची नवी पद्धत जाहीर केली. तिच्यात पहिला आकडा वर्षाचा (७ म्हणजे २०२३, ८ म्हणजे २०२४, ९ म्हणजे २०२५), दुसरा दर्जाचा, तिसरा आर्किटेक्चरचा, आणि चौथा ० किंवा ५, त्यातला ५ हा वरचा. शेवटचं अक्षर विजेच्या मर्यादेचं: यू म्हणजे १५ ते २८ वॅट, एचएस म्हणजे ३५ च्या आसपास आणि पुढे, एचएक्स म्हणजे ५५ आणि पुढे.

आता यातली मेख बघा. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची माहिती आर्किटेक्चरची, आणि ती तिसऱ्या आकड्यात आहे. नजर पडते पहिल्या आकड्यावर. तो फक्त चिप कोणत्या वर्षाच्या यादीत आली ते सांगतो, कधी बनवली ते नाही. म्हणून २०२३ ते २०२५ मधला चार आकडी एएमडी लॅपटॉप बघताना आधी तिसरा आकडा वाचा. २ असेल तर सावध, ३ असेल तर किंमत बघून ठरवा, ४ किंवा ५ असेल तर चिप खरंच नव्या पिढीची आहे.

इंटेलबद्दल आणि डेस्कटॉपबद्दल जाणकारांनी भर घालावी, म्हणजे सगळं एकाच धाग्यात राहील.

शून्यएक

उत्तम धागा. एक पुरवणी. ही पद्धत येण्याआधीच्या ५००० मालिकेतही हाच घोळ आहे, आणि तिथे तिसऱ्या आकड्याचा नियम लागू होत नाही. ५३००यू, ५५००यू आणि ५७००यू हे झेन २, तर ५४००यू, ५६००यू आणि ५८००यू झेन ३. म्हणजे यू चिपमध्ये दुसरा आकडा विषम असेल तर जुनं, सम असेल तर नवं. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात हे यू भरपूर दिसतात. ५७००यू ला ८ कोअर असल्यामुळे तो ५६००यू पेक्षा वरचढ समजून जास्त पैसे मागितले जातात. सगळे कोअर एकदम राबवणारं काम असेल, उदाहरणार्थ व्हिडिओ रूपांतर, तर ८ कोअरचा उपयोग आहेच. पण ब्राउझर, एक्सेल, टॅली असल्या एका कोअरवर भार टाकणाऱ्या कामात ५६००यू चा झेन ३ जास्त चटपटीत चालतो.

७५२०यू बद्दल आणखी एक महत्त्वाचं. ती चिप फक्त एलपीडीडीआर५ मेमरी घेते, म्हणजे रॅम बोर्डावर कायमची डकवलेली असते. ८ जीबीचा घेतला तर तो ८ जीबीचाच राहणार. किंमत ठरवताना कोअरच्या आधी हा मुद्दा बघावा.

मुळामुठा

इंटेलचं मी लिहितो. जरा लांबेल.

२००८ मध्ये आय७ आला, २००९ मध्ये आय५, २०१० मध्ये आय३. पुढची दहा-बारा वर्षं लोकांनी 'आय५ म्हणजे मधला, आय७ म्हणजे वरचा' हे गणित पक्कं केलं. डेस्कटॉपवर ते बऱ्यापैकी खरं ठरायचं. लॅपटॉपवर आकड्यांच्या मागचं अक्षर त्याहून जास्त बोलतं.

आय५-१२३५यू आणि आय७-१२५५यू घ्या. दोन्हींत २ पी-कोअर (वेगवान) आणि ८ ई-कोअर (वीज वाचवणारे), दोन्हींत १२ थ्रेड, दोन्हींत १२ एमबी कॅश. फरक कमाल वेगात (४.४ आणि ४.७ गिगाहर्ट्झ) आणि ग्राफिक्सच्या युनिटांत (८० आणि ९६). एवढ्यासाठी आय७ च्या नावाचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही. तेच पैसे जास्तीच्या रॅमवर किंवा चांगल्या स्क्रीनवर घालावेत.

उलट आय५ हे एकच नाव किती ताणलंय ते बघा. १२ व्या पिढीतच आय५-१२३५यू (२ पी, ८ ई), आय५-१२४०पी (४ पी, ८ ई), आय५-१२४५०एच (४ पी, ४ ई) आणि आय५-१२५००एच (४ पी, ८ ई) आहेत. 'आय५, १२ वी पिढी' एवढंच सांगणाऱ्या विक्रेत्याने तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. आणि 'एकूण १० कोअर' या आकड्यालाही भुलू नका. १२३५यू चे १० कोअर आणि १२४५०एच चे ८ यांत जड कामाला १२४५०एच पुढे जातो, कारण त्याला पी-कोअर दुप्पट आहेत आणि मर्यादा १५ ऐवजी ४५ वॅटची आहे. बॅटरी हवी असेल तर यू, काम ओढायचं असेल तर एच.

मग जून २०२३ मध्ये इंटेलने 'आय' काढून टाकल्याचं जाहीर केलं. आता 'कोअर अल्ट्रा' आणि नुसतं 'कोअर' अशा दोन ओळी आहेत. कोअर अल्ट्रा ७ १५५एच ही खरंच नवी रचना, मेटिअर लेक, डिसेंबर २०२३ ची. कोअर ५ १२०यू आणि कोअर ७ १५०यू ही जानेवारी २०२४ ची नावं, पण आत राप्टर लेक, म्हणजे १३ व्या पिढीच्या यू चिपचीच थोडी वेग वाढवलेली आवृत्ती. पुढे आलेले कोअर ५ २१०एच आणि कोअर ७ २४०एच हेसुद्धा राप्टर लेकच. या १०० आणि २०० च्या क्रमांकांत 'अल्ट्रा' शब्द नसला की आत जुनी रचना आहे असं धरून किंमत तोला. राप्टर लेक वाईट नाही, तिची क्षमता आजही कामाची आहे. फक्त नव्याच्या भावाने घेऊ नये.

रानजाई

मुळामुठा, मग 'अल्ट्रा' लिहिलेलं असलं की निश्चिंत राहायचं का? सध्या समोर तीन पर्याय आहेत: अल्ट्रा ७ २५५यू, अल्ट्रा ७ २५५एच आणि अल्ट्रा ७ २५८व्ही. रॅम तिघांतही ३२ जीबी. काम म्हणजे मराठी-इंग्रजी लेखन, मोठ्या एक्सेल, दिवसभर मीटिंग. वजन आणि बॅटरी महत्त्वाची.

मुळामुठा

नाही, निश्चिंत राहता येत नाही. तुम्ही बरोबर तेच तीन निवडलेत ज्यांत सगळ्यात जास्त फरक आहे.

२५८व्ही म्हणजे लुनार लेक, सप्टेंबर २०२४. ४ पी-कोअर, ४ कमी विजेचे कोअर, ८ थ्रेड. रॅम चिपच्याच पाकिटात बसवलेली. व्ही मालिकेत शेवटचा आकडा रॅम सांगतो: ८ म्हणजे ३२ जीबी, ६ म्हणजे १६ जीबी. २५६व्ही आणि २५८व्ही यांत एवढाच फरक. एनपीयू (एआयच्या कामांसाठीचा वेगळा भाग) ४७ टॉप्सचा (टॉप्स म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणितं, याचं माप).

२५५एच म्हणजे ॲरो लेक. ६ पी, ८ ई आणि २ कमी विजेचे, मिळून १६ कोअर आणि १६ थ्रेड. संकलन, रेंडरिंग, कोड बिल्ड असल्या कामात तिघांत हाच पुढे.

२५५यू हा नावाने यांचा भाऊ, पण आतून मेटिअर लेकची सुधारित आवृत्ती. २ पी, ८ ई, २ कमी विजेचे. १२ कोअर, १४ थ्रेड.

तुमच्या कामाला २५८व्ही. कोअर सगळ्यात कमी दिसतात म्हणून बिचकू नका. मीटिंग चालू असताना आणि हलक्या कामात तोच सगळ्यात कमी वीज खातो. अट एकच: रॅम नंतर वाढत नाही, पण तुम्ही ३२ जीबी घेताय, त्यामुळे प्रश्न मिटला.

सांगलीकर

एनपीयूचा विषय निघालाच आहे तर लिहून ठेवतो, कारण 'एआय लॅपटॉप' असा स्टिकर आता सगळीकडे दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट+ पीसी या दर्जासाठी एनपीयू किमान ४० टॉप्सचा लागतो, शिवाय १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण. अल्ट्रा २०० मधली फक्त व्ही मालिका यात बसते. २५५एच, २५५यू, २५५एचएक्स यांचे एनपीयू १३ टॉप्सच्या आतबाहेर आहेत, ते बसत नाहीत. एएमडीकडे रायझन एआय ३०० मालिका बसते (५० टॉप्सच्या आसपास), पण रायझन ७ २५० सारखी २०० मालिका बसत नाही. तिचा १६ चा आहे, आणि आत २०२४ च्या ८८४० चीच चिप आहे, झेन ४ आणि रेडिऑन ७८०एम.

इथे नावातला एक बारकावा फार मोलाचा. 'रायझन एआय ७ ३५०' आणि 'रायझन ७ २५०' ही दोन नावं घाईत वाचली तर एकाच घरातली वाटतात. पहिल्यात झेन ५ आणि झेन ५सी मिळून ८ कोअर, दुसऱ्यात झेन ४ चे ८. 'एआय' हा शब्द इथे पिढी ओळखण्याची खूण आहे.

बाकी कोपायलट+ च्या सोयी तुम्हाला लागणारच नसतील तर ४० टॉप्सच्या मागे लागू नका. रायझन ७ २५० योग्य भावात मिळाला तर तो उत्तम लॅपटॉप आहे.

शून्यएक

रायझन एआय मालिकेत एचएक्स चाही अर्थ बदललाय. आधी एचएक्स म्हणजे ५५ वॅट आणि वर, जाड गेमिंग लॅपटॉप. रायझन एआय ९ एचएक्स ३७० मध्ये एचएक्स आकड्याच्या आधी आलंय आणि मर्यादा १५ ते ५४ वॅट आहे. ती पातळ लॅपटॉपची चिप आहे, ४ झेन ५ आणि ८ झेन ५सी कोअरची. रायझन ९ ९९५५एचएक्स मात्र जुन्या अर्थाने एचएक्स. दोघांची तुलना नावावरून करू नये.

गारगोटी

एएमडीने स्वतःचाच नियम मोडलेली चिप आपल्याकडच्या बजेट गेमिंग लॅपटॉपमध्ये खूप दिसते, तिच्याबद्दल स्वतंत्र लिहिणं भाग आहे: रायझन ७ ७४३५एचएस. त्यांच्याच तक्त्याप्रमाणे दुसरा आकडा ४ म्हणजे रायझन ३. इथे तो रायझन ७ ला लावलाय. कोअर ८, थ्रेड १६, झेन ३+, त्यात खोट नाही. पण या चिपमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाहीच. ७७३५एचएस मध्ये रेडिऑन ६८०एम असतं, ७४३५एचएस मध्ये काहीच नाही.

त्यामुळे घडतं काय? साधं पीडीएफ वाचतानाही स्क्रीन वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर चालते. ते कार्ड कधीच झोपत नाही. बॅटरीवर वेळ कमी मिळतो, पंखा जास्त फिरतो. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बिघडला किंवा कार्डच गेलं तर स्क्रीनला दुसरा आधार नाही. लॅपटॉप कायम चार्जरला लावून खेळण्यासाठीच घ्यायचा असेल तर हा व्यवहार चालण्यासारखा आहे. कॉलेजला रोज नेण्यासाठी घेऊ नका.

तांबडीमाती

जुनी चिप नव्या नावाने विकली की फसवणूक, असा सूर धाग्यात येतोय. मला तो सरसकट पटत नाही. ७७३५एचएस म्हणजे २०२२ च्या ६८०० मालिकेचीच चिप, हे खरं. पण तिचं ६८०एम ग्राफिक्स आजही ७५४०यू च्या ७४०एम पेक्षा सरस आहे: १२ युनिट विरुद्ध ४. तिसरा आकडा ३ म्हणून ७७३५एचएस सोडला आणि ४ म्हणून ७५४०यू घेतला, तर वेगळ्या कार्डाशिवाय खेळणाऱ्याचं नुकसान होईल. कोअरचं आर्किटेक्चर आणि ग्राफिक्सचं आर्किटेक्चर हे दोन वेगळे विषय आहेत आणि नावातला आकडा फक्त पहिल्याबद्दल बोलतो.

याची दुसरी बाजूही आहे. ७५३०यू चे कोअर ७५२०यू पेक्षा कितीतरी चांगले, पण त्याचं वेगा ग्राफिक्स एव्ही१ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक नवी पद्धत) व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडू शकत नाही. ७५२०यू चं छोटंसं ६१०एम ते करू शकतं. म्हणजे एव्ही१ मधला व्हिडिओ बघताना ७५३०यू वर भार कोअरवर येतो.

गारगोटी

तांबडीमाती, मुद्दा बरोबर आहे, माझ्या नियमाला ही दुरुस्ती हवीच. तिसरा आकडा कोअरपुरता, ग्राफिक्सचं नाव वेगळं वाचायचं. तरी ७५२०यू च्या नावाबद्दल माझं मत कायम आहे. ४ कोअर झेन २ ला 'रायझन ५' म्हणणं गिऱ्हाइकाला उपयोगाचं नाही.

रानजाई

ग्राफिक्सच्या नावावरून एक शंका. एकाच आय५-१२३५यू वर कुठे 'यूएचडी ग्राफिक्स' दिसतं, कुठे 'आयरिस एक्सई'. चिप वेगळी असते का?

मुळामुठा

चिप तीच. रॅम एकाच चॅनलवर असेल, म्हणजे ८ जीबीची एकच पट्टी, तर विंडोज 'यूएचडी' दाखवतं. दुसरी पट्टी टाकून दोन चॅनल झाले की नाव 'आयरिस एक्सई' होतं आणि ग्राफिक्सचा वेगही खरोखर वाढतो, कारण अंगभूत ग्राफिक्स रॅमच्याच वाटेने काम करतं. अल्ट्राच्या एच मालिकेत 'आर्क' नावासाठीही अशीच अट आहे: दोन चॅनल आणि किमान १६ जीबी. म्हणून ८ जीबीची एक पट्टी आणि एक रिकामा स्लॉट असलेला लॅपटॉप घेतलात तर दुसरी पट्टी लगेच टाका. शक्यतो तेवढ्याच क्षमतेची आणि त्याच वेगाची.

सांगलीकर

स्वस्तातल्या टोकाला आणखी एक सापळा. आय३-एन३०५. 'आय३' आणि '८ कोअर' वाचून तो आय३-१२१५यू पेक्षा मोठा वाटतो. एन मालिकेत सगळे ई-कोअर असतात, पी-कोअर एकही नाही, आणि मेमरी एकाच चॅनलची. १२१५यू मध्ये २ पी आणि ४ ई. पान उघडणं, फाइल उघडणं यांत १२१५यू लवकर हलतो. एन१०० हा ४ ई-कोअरचा, ६ वॅटचा. पेंटियम आणि सेलेरॉन ही लॅपटॉपवरची नावं २०२३ पासून बंद करून त्या जागी 'इंटेल प्रोसेसर' एवढंच नाव आणलं, त्यातला हा. घरच्या सर्व्हरला, दुकानातल्या बिलिंगला एन१०० छानच. विद्यार्थ्याचा चार वर्षांचा लॅपटॉप म्हणून नको.

शून्यएक

डेस्कटॉपबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. इथे चूक झाली तर ती बोर्ड आणि ग्राफिक्स कार्डापर्यंत जाते.

रायझन ७ ५७०० आणि ५७००एक्स. एका अक्षराचा फरक वाटतो. ५७०० ही खरं तर जी मालिकेची (अंगभूत ग्राफिक्सवाली) चिप, ग्राफिक्स बंद केलेली: एल३ १६ एमबी, पीसीआय एक्सप्रेस (प्रोसेसर आणि कार्ड यांमधली जोडणी) ३.०. ५७००एक्स मध्ये एल३ ३२ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस ४.०. खेळांत हा कॅशचा फरक सरळ जाणवतो. रायझन ५ ५५०० आणि ५६०० चीही हीच गोष्ट. ५५०० बरोबर आरएक्स ६५०० एक्सटी सारखं कार्ड लावलं तर आणखी अडचण, कारण त्या कार्डाला या जोडणीच्या चारच लेन (वाटा) आहेत आणि ३.० वर त्या अपुऱ्या पडतात.

८००० मालिकेत रायझन ५ ८५००जी मध्ये २ झेन ४ आणि ४ झेन ४सी कोअर, आणि ग्राफिक्स कार्डासाठी चारच लेन. ८६००जी मध्ये सहाही झेन ४, लेन ८. पुढे कार्ड टाकायचा बेत असेल तर दोन्ही सोडून ७६०० घ्या: १६ लेन आणि ३२ एमबी एल३.

इंटेलमध्ये आय५-१३४०० ला १३ व्या पिढीचं नाव आहे, पण कॅशची मांडणी १२ व्या पिढीची. पी-कोअरमागे एल२ १.२५ एमबी, १३६००के मध्ये २ एमबी. १४४०० म्हणजे १३४०० चाच वेग ०.१ गिगाहर्ट्झने वाढवलेला. दोघांत जो स्वस्त तो घ्या. आणि शेवटी एफ असेल तर अंगभूत ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडदा काळाच राहील.

तांबडीमाती

स्नॅपड्रॅगन, म्हणजे क्वालकॉमची आर्म रचनेची चिप, राहिलं. त्याच्या नावात शेवटचे तीन आकडे, '१००', सगळ्यांत सारखेच असतात, ते सोडून द्या. एक्स१ई-७८-१०० म्हणजे १२ कोअर, एक्स१पी-६४-१०० म्हणजे १० कोअर, एक्स१पी-४२-१०० आणि एक्स१-२६-१०० म्हणजे ८ कोअर. एक्स१पी मध्येच '६४' आणि '४२' मध्ये कोअर वेगळे आणि '४२' ची ग्राफिक्सची ताकदही '६४' च्या निम्म्याहून कमी, दोघांनाही नाव मात्र 'एक्स प्लस'.

पण इथे नावापेक्षा मोठा प्रश्न ड्रायव्हरचा. नेहमीचे विंडोज प्रोग्राम अनुवादाच्या थरावर चालतात, ड्रायव्हर तसे चालत नाहीत. ते आर्मसाठीच बनवलेले लागतात. ई-टेंडर, जीएसटी यांसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल, जुना स्कॅनर किंवा डोंगलवर चालणारं डीटीपी सॉफ्टवेअर असेल, तर त्या त्या कंपनीकडे आर्म ड्रायव्हर आहे का हे पैसे देण्याआधी विचारा.

रानजाई

शेवटचा प्रश्न. यादीत पूर्ण क्रमांकच दिलेला नसेल तर? आणि दुकानात खात्री कशी करायची?

गारगोटी

यादीत प्रोसेसरचा क्रमांक नसला तरी लॅपटॉपचा स्वतःचा पूर्ण उत्पादन क्रमांक बहुधा असतो. शीर्षकातलं गोंडस नाव सोडून अक्षरं-आकड्यांची जी लांब ओळ असते ती घ्या आणि बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे प्रोसेसर, रॅम डकवलेली की स्लॉटमध्ये, किती स्लॉट रिकामे, सगळं मिळतं. मग प्रोसेसरचा क्रमांक इंटेल किंवा एएमडीच्या तपशील पानावर टाका. तिथे चार ओळी वाचा: पी आणि ई कोअर किती, ग्राफिक्सचं नाव, मेमरीचा प्रकार, बाजारात आल्याची तारीख. एएमडीच्या पानावर आर्किटेक्चर 'झेन २', 'झेन ४' असं सरळ लिहिलेलं असतं.

दुकानात विंडोज सुरू करायचीही गरज नाही. लॅपटॉप चालू करताना बायॉसची (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पानाची) कळ दाबा, बहुतेकांत एफ२ किंवा एफ१०, काहींत डिलीट. पहिल्याच पानावर प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम दिसते. हे काउंटरवर, बिल होण्याआधी करा. ऑनलाइन मागवला असेल तर पहिल्याच दिवशी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. वर पूर्ण नाव, खाली कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर. मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलंत तर आतल्या रचनेचं सांकेतिक नाव कळतं: मेंडोसिनो दिसलं तर झेन २, बार्सेलो दिसलं तर झेन ३, रेम्ब्राँ म्हणजे झेन ३+, फिनिक्स किंवा हॉक पॉइंट म्हणजे झेन ४. यादीत लिहिलेलं आणि पडद्यावर दिसणारं जुळलं नाही तर दोन्हींचे फोटो काढा आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत तक्रार नोंदवा. तोवर खोका, थर्माकोल, चार्जरची पिशवी, काहीही फेकू नका.